गाडीचं खरं वजन

श. १ फेब्रु.
ठरलं. बाबा ताईकडे जुन्नरला राहायला जाणार. 'थोडे दिवस' असं आम्ही सगळे म्हणतोय. ताई, मी, माझा नवरा प्रकाश. बाबा काहीच म्हणत नाहीत. मोरीत पडले तेव्हापासून कल्याणला लॅबमध्ये माझं चित्त नसतं. सापगावच्या घरी दिवसभर एकटे. ताईकडे घर भरलेलं. हे झालं सांगायचं कारण. मी थकलेय, हे दुसरं. तेही इथे लिहून ठेवते.
बाबांची एकच अट, गाडी, म्हणजे त्यांची मोटारसायकल, बरोबर येणार. तीन वर्षं बंद आहे, पार्ट मिळत नाहीत, तरी रोज पुसतात. टेम्पो नको म्हणाले. मुरबाडचं घर सोडून आमच्याकडे आले तेव्हा चौघांनी उचलून टेम्पोत टाकली आणि सायलेन्सर वाकवला. तो राग अजून आहे.

र. २ फेब्रु.
प्र.चा मित्र महेश, आसनगावचा वेल्डर. त्याच्याकडे दोन ट्रेलर आहेत. छोट्याला उतरती फळी, गाडी ढकलत चढवता येते. आमची कार माळशेज घाटात तेवढाच ओढेल, मोठा नाही. "पण वहिनी, एकशे साठ किलोच्या वर नको. आधी वजन करून सांगा."
गाडीच्या पुस्तकात एकशे चाळीस लिहिलंय. प्र. म्हणाला, झालं तर मग. मी म्हटलं, पुस्तकातली गाडी वेगळी नि आपली वेगळी. लेगगार्ड, कॅरियर, मागे दोन लोखंडी पेट्या, बाबांनी काय काय लावलंय. वजन करायचं. कुठलाही आकडा तपासल्याशिवाय मला चैन पडत नाही.

बु. ५ फेब्रु.
जेवताना बाबांनी आपणहून विचारलं, किती चालतं म्हणाला तो? एकशे साठ, मी म्हटलं. "मग नाय बसायची," म्हणाले आणि आणखी एक भाकरी घेतली. किती दिवसांनी.

र. ९ फेब्रु.
गाडी ढकलत भाताच्या गिरणीवर नेली. काट्यावर अख्खी मावत नाही. मग पुढचं चाक काट्यावर, मागचं तेवढ्याच उंचीच्या विटांवर. नंतर उलट. दोन्ही आकड्यांची बेरीज. गिरणीवाले अण्णा म्हणाले, गोणी सोपी बाई.
पुढे ७१, मागे ९५. एकशे सहासष्ट.
बाबा पोत्यावर बसून होते. "बोललो नव्हतो?" एवढंच. घरी येताना मात्र चाल झपझप. प्र. वैतागला. मी म्हटलं, थांब, लेगगार्ड काढू, सहा किलो तरी जातील. बरोब्बर एकशे साठ.

मं. ११ फेब्रु.
ताईचा फोन. बाबांसाठी खिडकीजवळची खोली रंगवून घेतलीय. कधी आणतेस? म्हटलं, वजनाचं अडलंय. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

र. १६ फेब्रु.
पुन्हा गिरणी. लेगगार्ड काढलेलं. पुढे ६६, मागे १०३.
एकशे एकोणसत्तर. सहा किलो काढल्यावर तीन वाढले.
काटा बिघडला म्हणून मी स्वतः चढून पाहिलं. ठीक होता. पुढचं कमी झालंय, मागचं वाढलंय, म्हणजे जे काही आहे ते मागे. पेट्यांना हात घातला तेव्हा बाबा उठून उभे राहिले. "ऱ्हाऊ दे गो, जुनं सामान हाय." मी ऐकलं नाही. उघडल्या.
बैलांची साखळी. नांगराचे दोन फाळ. एक मोठा हातोडा. आणि आईच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तिचा वरवंटा.
सगळं खाली ठेवलं आणि पुन्हा वजन केलं. लॅबमध्ये करते तसं, तोंड मिटून. ६६ आणि ८३. मग मोठ्याने म्हटलं, "एकशे एकोणपन्नास, बाबा. बसतंय." जणू परीक्षेत पहिली आले. महेशला आणि ताईला तिथूनच फोनही केले.
बाबा म्हणाले, "बरं झालं." नि रस्त्याकडे बघत राहिले.

सो. १७ फेब्रु.
झोप नाही. त्यांना जायचं नव्हतं. तोंडाने कधी म्हणाले नसते. लेकीच्या घरी राहतोय हेच त्यांना जड जातं, मग ठेवून घे कसं म्हणणार. म्हणून एवढं लोखंड एकेक करून पेटीत नेऊन ठेवलं असणार, मी कामावर गेल्यावर. पाठ दुखते म्हणतात आणि फाळ उचलले. पहिल्या वेळी पुरलं, मी लेगगार्ड काढते म्हटल्यावर आणखी घातलं.
मी का उघडल्या त्या पेट्या? एकशे एकोणसत्तर लिहून घेतले असते, महेशला 'जमत नाही' असं कळवलं असतं, ताई दोन दिवस रुसली असती. त्यांचा मान राखायची एक वाट त्यांनी मला ठेवली होती, ती मीच बंद केली. खरं वजन कुणाला हवं होतं?

गु. २० फेब्रु.
प्र.ला सगळं सांगितलं. म्हणाला, मग राहू देत की इथेच, दिवसा कुणीतरी बाई बघू. इतकं सोपं त्याला आधी का सुचलं नाही, आणि मला?
संध्याकाळी बाबा मागच्या दारी होते तेवढ्यात साखळी आणि फाळ परत पेटीत टाकले. हातोडाही. म्हणजे पुन्हा वजन केलं की बसत नाही म्हणता येईल. बोटाला लागलेलं काळं साबणाने निघेना.

श. २२ फेब्रु.
महेश सकाळी ट्रेलर लावून गेला. पेट्या रिकाम्या. सामान ओट्यावर ओळीने मांडलेलं.
"बाबा, हे का काढलं?"
"घाट हाय. उगा त्याच्या गाडीला त्रास."
"असू दे ना पेटीत."
"आता तू वजन सांगितलंस ना सगल्यांना. नाय नाय ते करू नको."
रागाने नाही, समजूत काढल्यासारखं. त्यामुळेच जास्त लागलं.
दुपारी स्वतः उभे राहून प्र.ला दोरी कशी बांधायची ते दाखवलं. पुढून दोन, मागून दोन, हँडलला फडकं. गाडी चढली, हलतही नाही. मग वरवंटा आणून माझ्या हातात दिला. "ह्यो तुझ्याकडं ठेव. तिकडं त्यांचा असंल." मी घेतला. राहा इथेच, असं तेव्हा म्हणायचं होतं. तोंडात आलंही होतं. प्र.ने कारचं दार लावलं आणि बाबा हात धुवायला गेले.
उद्या सहाला निघायचं. त्यांची पिशवी दाराशी आहे, चपला तिच्याजवळ. वरवंटा ओट्यावर, अजून लुगड्यातच.
सकाळी चहा देताना विचारीन, बाबा, राहता का. प्र.ने कार बाहेर काढायच्या आधीच.