नळीबाहेरची चरबी

३ एप्रिल २०२५, गुरुवार
हॉस्पिटलमधून फोन. हृदयाच्या डॉक्टर हेमावती मॅडम स्वतः. 'महानंदाताई, प्रभूंच्या जानेवारीतल्या सीटी स्कॅनबद्दल बोलायचंय. येऊन जा.' माझा माणूस जाऊन पंचवीस दिवस झाले. आता काय बोलायचंय!

४ एप्रिल
गेले. मॅडमनी स्क्रीनवर ह्यांचं हृदय दाखवलं. ह्यांचं हृदय — आणि मी खुर्चीत बसून बघतेय!

छातीत दुखलं म्हणून तो सीटी काढला होता. रिपोर्ट आला, 'हृदयाच्या नळ्या मोकळ्या आहेत, ब्लॉकेज नाही.' एवढंच ऐकलं आणि घरी येऊन मी गव्हाची हुग्गी, गोड खीर, केली, गल्लीभर वाटली. आठ आठवड्यांनी दुकानात पंपाच्या मोटारीला तार गुंडाळता गुंडाळता हे गेले. एक्केचाळिसाव्या वर्षी.

आता म्हणतात, नळीच्या आत बघून सगळं कळत नाही. बाहेरून चरबीचा थर असतो. नळीला सूज असली की तो बदलतो, पाणचट होतो. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कॉम्प्युटरनं मोजावं लागतं. ते मोजणं इथं आत्ता सुरू झालंय. जुने सीटी त्यातून काढले. ह्यांचा आकडा लाल, म्हणजे धोक्याचा.

'म्हणजे तेव्हा कळलं असतं?'
'तेव्हा आमच्याकडे हे नव्हतं, ताई.'

मला मॅडमचा राग करायचा होता. तोही जमला नाही.

निघताना म्हणाल्या, 'त्यांच्या धाकट्या भावाला घेऊन या. रक्त एकच. वेळेत कळलं तर गोळ्यांनी सूज उतरवता येते.' वेळेत!

५ एप्रिल
आंघोळ नाही, जेवण नाही. सासूबाईंनी, अव्वांनी, ताट झाकून ठेवलं, तसंच आहे.

८ एप्रिल
दुकानात गेले. गुरुशांत भाऊजींना सगळं सांगितलं. तंबाखूचा मावा चघळत ऐकून घेतलं, मग हातातली पक्कड फेकली.

'वहिनी, दादाला त्या मशीनमदी तुमीच घातलं. नळ्या मोकळ्या म्हणून पेढे वाटायचं तेवढं ऱ्हायलं होतं! नंतरबी दुखत होतं की त्याला. तुमीच म्हणाला, गॅस हाय.'

मी म्हणाले होते. फेब्रुवारीत दोनदा. ओवा चावायला दिला. रिपोर्ट चांगला होता ना! रिपोर्ट चांगला होता म्हणून मी ह्यांचं दुखणं ऐकलंच नाही.

गिऱ्हाईक दारात उभं होतं. मी घरी परत आले. रिक्षाही केली नाही, उन्हातून चालत.

११ एप्रिल
अव्वा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'एक गेला. दुसऱ्याला कशाला भ्या घालतीस?' बरोबरच आहे. आता कुणाला काही सांगणार नाही.

१२ एप्रिल
पण भाऊजी परवा जिना चढताना मधेच थांबले होते. कठडा धरून. मी बघितलं.

१७ एप्रिल
मॅडमचा निरोप आला, भावाला कधी आणताय? उत्तर दिलं नाही. काय लिहू? माझं ऐकतो कोण, आणि का ऐकावं? ज्याला वाचवायचं त्याला ओवा दिला मी.

झोपेतही तो लाल आकडा दिसतो. उठावंसं वाटत नाही. उठून करायचं काय? ह्यांचे शर्ट अजून खुंटीवर आहेत. काढवत नाहीत, बघवत नाहीत.

२१ एप्रिल
तसंच.

२६ एप्रिल, शनिवार
सकाळी भाऊजी दारात. हातात हॉस्पिटलची फाईल. आत येईनात.

'वहिनी, कुणाला न सांगता जाऊन आलो. माझ्याबी नळ्या मोकळ्या हायत. आन् आकडा लाल.' उंबऱ्यावरच बसले. 'अव्वाला सांगू नका. वाचतो का ओ मी?'

फाईलमध्ये गोळ्यांचं पाकीट होतं, न फोडलेलं. मी फोडलं. पाण्याचा तांब्या आणला.

म्हटलं, 'आधी तोंडातला मावा थुंका.'