कोपरा फाटलेलं कार्ड

॥ श्री ॥

हिंगणघाट, १४ नोव्हेंबर १९९१

ति. सौ. सपनाताईस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळी आटोपून तू आणि धीरजभाऊजी आष्टीला गेलात आणि इथे चिवड्याचा डबा तेवढा उरला. तोही आता तळाशी आलाय.

कामाचं आधी लिहिते. कॉलेजचा मुलींचा हॉकी संघ यंदा दहाच जणींचा आहे. अकरावी सुरभी. तिला गोलात उभं केलं, तर चेंडू आला की ती डोळे मिटून घेते. तेव्हा दहा म्हणायचं की अकरा, हे तूच ठरव. ३० तारखेला आणि १ डिसेंबरला वर्ध्याला विभागाचे सामने आहेत. ते जिंकलो तर जानेवारीत नागपूरला फायनल. आजवर आपलं कॉलेज नागपूरपर्यंत गेलेलं नाही, हे तुला मी सांगायला नको. तुझं नाव अजून बी. ए.च्या शेवटच्या वर्षाच्या हजेरीवर आहे. खेळाच्या सरांनी चौकशी करून ठेवली आहे, तू खेळू शकतेस.

नानाजींनी तर न विचारताच तुझी गोलकीपरची पॅडं उसवायला घेतली. दबलेला कापूस बाहेर काढायचा, हातानं पिंजायचा, बांबूच्या कामट्या तपासायच्या, पुन्हा भरून दाभणानं शिवायचं, असं सगळं ओट्यावर चाललंय. आई म्हणते, लेकीची फाटकी उशी शिवायला बाबांना कधी सवड झाली नाही, नातीच्या पॅडांना बरी होते. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. चाळीस वर्षं जिनात कापसाच्या गाठी बांधल्या, बाजारचं पॅड चेंडू उडवते, माहं पॅड चेंडूले पायाशी निजवते.

त्यांना खोकला आहे. तुला कळवायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून कळवते. काल म्हणाले, सपनाले एकदा नागपूरच्या मैदानात गोलात उभी पाह्यली की मग मले काई मागनं नाई. तू सासूबाईंना विचारून तर बघ. उत्तर लवकर धाड.

तुझी माया मला पुरते, पण संघाला तू स्वतः लागतेस.

तुझी गुंजन


॥ श्री ॥

आष्टी, १९ नोव्हेंबर १९९१

चि. गुंजनला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी पायच शिवशिवले. मग विचारलं. म्हणजे धीर करून, संत्र्याच्या पेट्यांना कागद लावता लावता विचारलं.

सासूबाई वाईट नाहीत, हे आधी लिहून ठेवते, नाहीतर तू लगेच त्यांच्यावर गोल मारायला निघशील. पण इथे संत्र्यांचा तोडा सुरू आहे, घरात बारा-पंधरा माणसांचा स्वयंपाक असतो, धीरज ट्रकबरोबर नागपूरच्या मंडीत, सासरे अण्णाजी दिवसभर बागेत. त्या मला म्हणाल्या, आत्ता तं आलीस माहेरून. आमच्याकडं सून माहेरी जाते ते सणाले, नाई तं मरणाले. खेळाले जाते असं मी आजवर ऐकलं नाई. रागानं नाही म्हणाल्या, हसून म्हणाल्या, आणि पुढची पेटी माझ्याकडे सरकवली. मी तिलाही कागद लावला.

नानाजींना आडवळणानं सांग. पॅडं सुरभीच्या मापाची करायला सांग, तिचे पाय माझ्यापेक्षा बारीक आहेत. डोळे मिटणाऱ्या पोरीला एक युक्ती आहे, चेंडूकडे नाही, मारणारीच्या मनगटाकडे बघायला लाव.

मी इथे रोज भाकरी थापताना पायाची पोझिशन घेते आणि कुणाला कळत नाही. आईला नमस्कार, नानाजींना खोकल्याचा काढा आणि माझा नमस्कार, दोन्ही दे. आठवण ठेव, उत्तर दे.

तुझी ताई


(पोस्टकार्ड. वरचा कोपरा फाडलेला.)

हिंगणघाट, २५ नोव्हेंबर १९९१

श्री. अण्णाजी यांस,

कळविण्यास दुःख होते की आमचे नानाजी आज पहाटे गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहावा-तेरावा काही करायचे नाही, तरी आपण कामाच्या दिवसांत येण्याची तसदी घेऊ नये. आईने हाय खाल्ली आहे. सौ. सपनास चार दिवस पाठवावे.

कु. गुंजन


॥ श्री ॥

आष्टी, ८ डिसेंबर १९९१

चि. गुंजनला आशीर्वाद. नानाजींना नमस्कार लिहू की नको, हा मला प्रश्न पडलाय.

इथून मी निघाले तेव्हाची हकिकत तिथे तोंडानं सांगता आली नाही, सगळे हसत होतात. आता वाच. कार्डाचा कोपरा फाटलेला बघताच सासूबाईंनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. अण्णाजींनी अंगणातच मला वाचून दाखवलं आणि तिथेच त्याचे तुकडे केले. तासाभरात माझी थैली भरली गेली. अण्णाजींनी एसटीत बसवून दिलं, ओळखीच्या कंडक्टरला सांगितलं. तळेगाव गेलं, आर्वी गेली, वर्धा आलं, मी रडतच होते. शेजारच्या बाईनं न विचारता मला पाणी पाजलं. आणि घरी येऊन बघते तर गेलेला माणूस ओट्यावर बसून पॅडात कापूस भरतोय, वर मला विचारतोय, काऊन उशीर केला? मी त्यांच्या पाठीत धपाटा घातला तो अजून माझ्याच हाताला लागतो.

खेळले, हे खरं. दुसऱ्या दिवशीचा तो शेवटचा चेंडू उजव्या पॅडावर आला आणि खरंच पायाशी निजला. एक-शून्य. डोक्यावरून शेला घेऊन गर्दीत लपलेला मयत माणूस सगळ्यांत मोठ्यानं ओरडला आणि मग आष्टीकडचं कुणी बघेल म्हणून खाली बसला, तेव्हा मीही हसले. इतका आनंद मला लग्नानंतर कधी झाला नव्हता.

पण गुंजन, परत आले तर सासूबाईंनी तीन दिवस घरात फोडणी घातली नव्हती. त्यांना सुतक नाही, अण्णाजींना नाही. सुनेच्या आईचे वडील गेले, ती तिथे रडत असेल आणि आपण चमचमीत कसं खायचं, म्हणून. आल्याबरोबर माझ्या डोक्यावरून हात फिरवला. गुडघा सुजलेला बघून विचारलं, तर मी बसमध्ये पडले म्हणून सांगितलं. त्यांनी हळद गरम करून लावली. मी मान खाली घालून बसले होते, त्यांना वाटलं दुःखानं.

हे पुन्हा व्हायचं नाही. फायनलला येईन तर खरं सांगून येईन, नाहीतर येणार नाही.

राग संपला की प्रेमानं लिहीन.

तुझी ताई


॥ श्री ॥

हिंगणघाट, १६ डिसेंबर १९९१

ति. सौ. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईनं वाचलं. म्हणाली, ज्यानं सुरू केलं त्यानं निस्तरावं.

त्याच सुमाराला तुझ्या सासऱ्यांचं समाचाराचं, नानाजी गेल्याबद्दल सांत्वनाचं, पत्र आलं. नानाजींनीच ते उघडलं. दिवाळीत नानाजींनी धीरजभाऊजींना कापूस पिंजायला बसवलं होतं, ते अण्णाजींच्या कानावर गेलेलं दिसतं. लिहिलंय, असा कामात रमणारा म्हातारा घरात असणं हे भाग्य, आमच्या घरात तसा कोणी उरला नाही. नानाजी आधी मोठ्यानं वाचत होते, मला ऐकवत होते, मध्येच थांबले आणि पत्र घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं. त्या दिवशी सुईदोऱ्याला हात लावला नाही. मग मला लिहायला बसवलं. ते बोलले तसं उतरवते.

सपना, पोरी, कोनाले दोष देजो नको. कार्ड गुंजननं लिहिलं, पन कोपरा म्या फाडला. मले वाटलं, खोटी मरनाची खबर गेली की मानसाचं आयुष्य वाढते, तुही मॅच होईन अन् माहाही फायदा. तुह्या सासूनं फोडनी घातली नाई हे वाचलं अन् मले जेवन गेलं नाई. म्या पुन्याचं काम नाई केलं. संक्रांत झाली की म्या सोता आष्टीले येतो. त्याईच्या ओट्यावर बसतो, म्हनतो, बाई, हा पाह्य, मी जित्ता हाय, जोडा मारा. मंग त्याईलेच विचारतो, सपनाले नागपूरले नेऊ का? फायनल सतरा तारखेले हाय. तवर तू काई सांगजो नको. माहा गुन्हा हाय, मीच सांगीन.

एवढं बोलून खोकले. खोकला तसाच आहे, थोडा जास्त.

आमच्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी गुंजन


॥ श्री ॥

हिंगणघाट, ५ जानेवारी १९९२

ति. सौ. ताईस,
गुंजनचा शि. सा. न. वि. वि.

ताई, हे अंतर्देशीय कोपऱ्यासकट धाडते आहे. तिथे कुणाला संशय नको म्हणून वर श्रीसुद्धा घातला आहे. तू एकटी असशील तिथे जाऊन वाच.

नानाजी काल, शनिवारी, दुपारी गेले. खरंच गेले. फायनलसाठी पुन्हा उसवलेलं डाव्या पायाचं पॅड शिवून झालं होतं. उजवं मांडीवर होतं. मी कॉलेजातून आले तेव्हा भिंतीला टेकून बसलेले दिसले, डुलकी लागली असेल म्हणून मी चहा टाकला. दोन कप टाकला, ताई. मग हाक मारली.

आष्टीला कसं कळवायचं, यावर कालपासून घरात बोलणं चाललंय. त्या घरात ते सव्वा महिन्यापूर्वीच गेलेले आहेत. कोपरा फाडून कार्ड पाठवलं तर अण्णाजी विचारतील, कोण? तार केली तरी तेच. मेलेल्या माणसाच्या मरणाची खबर कशी द्यायची? मीच अक्षर न् अक्षर लिहिलं होतं ते कार्ड, छान वळणदार. कोपरा त्यांनी फाडला म्हणून माझी सुटका होत नाही.

दहावा सोमवारी, १३ तारखेला, वेणा नदीच्या काठावर आहे. आई म्हणते, बाबांचा जीव सपनात होता, ती आली नाही तर पिंडाला कावळा शिवायचा नाही. पण तुला ये म्हणायचा हक्क आम्ही घालवून बसलो आहोत. तुझी पहिली संक्रांत, काळी साडी, हलव्याचे दागिने, हे सगळं तिथे तयार असेल. तू तिथे रडूसुद्धा शकणार नाहीस, हे मला दिसतंय आणि त्यानंच मला झोप येत नाही.

फायनलचं काय ते सर बघतील. सुरभीनं डोळे उघडे ठेवायची शपथ घेतली आहे. उजव्या पॅडाचं तोंड उघडंच आहे. आई शिवायला बसली होती, मी शिवू दिलं नाही.

मला माफ करता आलं तर कर. नाही आलं तरी लिहीत राहा.

गुंजन


॥ श्री ॥

आष्टी, १० जानेवारी १९९२

चि. गुंजनले सपनाच्या सासूचा, मनकर्णाबाईचा आशीर्वाद.

हे पत्र धीरजच्या हातानं लिहून घेतलं. त्याले सांगितलं, मी बोलतो तसंच लिही, शाळेतली भाषा घालू नको. पत्र सपनाच आणून देईन, तिच्यासंगं धीरजही येऊन राह्यला.

बुधवारी तुहं पत्र आलं. सपना ते घेऊन गोठ्यात गेली. मंग विहिरीवर जाऊन भर थंडीत डोक्यावरून पाणी घेतलं, अन् ओल्या केसानं तीळ भाजाले बसली. सकाळी न्हायलेली बाई दुपारी पुन्हा काऊन न्हाते, हे या वयात मले कोनी सांगा लागत नाई. मी विचारलं, कोन गेलं? ती तीळ हलवत राह्यली. पुन्हा विचारलं. मंग तिनं सारं सांगितलं, पह्यल्यापासून, गुडघ्यासकट.

मले राग आला. लय आला. गुरुवारी मी ताटावर बसली नाई. अण्णाजीही जेवले नाईत, म्हनाले, म्या जित्त्या मानसाले समाचाराचं पत्र धाडलं. पन मी इचार केला. मरणाले नाई तं सणाले, हे बोलली कोन? मीच. हसत बोलली, पन बोलली. माह्याच तोंडचं वाक्य तुम्ही कार्डावर लिहून मले परत धाडलं. अन् खरं विचारलं असतं तं मी पाठवली असती का? नसती. हे मी माह्या लेकाच्या हातानं लिहून देऊन राह्यली.

तुह्या आईले सांग, मनात काई ठेवू नको म्हनावं. मी तीन दिवस फोडणी घातली नाई, ते वाया गेलं नाई. त्याईचंच होतं, थोडं आगाऊ झालं. आता पुन्हा घालनार नाई, दहावा होईपर्यंत. काळी साडी पेटीत ठेवली. हलव्याचे दागिने पुढच्या साली करीन, साखर कुठं पळून जात नाई.

सपनासंगं थैलीभर कापूस पाठवला हाय, आमच्या वावरातला, सरकी काढून. उजवं पॅड तिलेच भरू द्या, तिलेच शिवू द्या. दहाव्याले कावळा शिवला की सतरा तारखेले तिले नागपूरले न्या. हारो का जिंको, मले काई समजत नाई त्यातलं. पन त्या मानसानं जे पाह्याचं म्हनलं होतं, ते कोनीतरी पाह्यलं पाह्यजे. धीरज पाह्यन अन् मले येऊन सांगन.

अन् एक गोष्ट दोघी बहिनी ध्यानात ठेवा. या घरातून आता कोपरा फाटलेलं कार्ड खोटं जानार नाई. माहं येईन तवा एकदाच येईन. त्या दिवशी खेळ चालू असला तरी अर्धा सोडून येजा.

तवर माया राहू द्या, आमची हाय.

मनकर्णाबाई