माई, तुझ्या जागी मी जाऊन आले

प्रिय माई,

काल दुपारी घरी आले, पिशवी ओटीवर टाकली आणि सवयीने हाक मारली, "माई, ऐक तरी काय काय झालं ते!" गणपतींच्या कारखान्यातून नुसता कॉम्प्रेसरचा आवाज आला. रंगाच्या फवाऱ्याला कोण ओ देणार?

आपल्यातली एक कुठे बाहेर जाऊन आली की दुसरीने हातातला ब्रश न थांबवता सगळं ऐकून घ्यायचं, हा आपला नेम. जावा-जावांचं असं कुठे असतं, म्हणून अख्खं हमरापूर आपल्याला हसायचं. आता मी कोणाला सांगू? आज पुरुष माणसं मूर्तींचा टेम्पो घेऊन नागोठण्याला गेली आहेत. घरात मी एकटी. म्हणून लिहायला बसले.

दमले गो मी, माई. दोघींचं काम एकटीच्या अंगावर आलंय. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी, कारागिरांचा चहा, भावजींची पथ्याची भाकरी, आल्यागेल्याचं बघणं. मान वळवली की कटकन वाजते. तुझ्यासाठी धड रडलेसुद्धा नाही. रडायला जरा बसावं लागतं ना, ते बसणंच होत नाही.

तुझ्या साठीला वैशालीने समुद्रकाठच्या त्या स्पामध्ये योगाचं शिबिर ठरवलं होतं, आठवतं? शनिवार-रविवार, आई आणि लेक दोघीच. किती वेळा पुढे ढकललंस! "हठयोग काय करायचाय मला? सीझन संपू दे, मग बघू," म्हणायचीस. संपला गो सीझन. शेवटचा टेम्पो गावाबाहेर पडला, तू स्टुलावर टेकलीस, "निर्मले, पाणी दे" म्हणालीस. मी तांब्या घेऊन आले तोवर तू भिंतीला डोकं टेकून गेली होतीस. एवढी कसली घाई?

तुझ्या तेराव्यानंतर वैशाली घराकडे फिरकली नाही. रोह्याहून पेण, पेणहून हमरापूर म्हणजे काय परदेश आहे? दिवाळीलासुद्धा आली नाही. बापाला, भावजींना, फोन करायची, तोही "गोळ्या घेतल्या काय?" एवढ्यापुरता. माझ्याशी तर एक शब्द नाही. आणि गेल्या आठवड्यात एकदम तिचा फोन. "काकी, त्या शिबिराची तारीख आलीय. आईच्या जागी तू चल."

आवाज कोरडा होता. मला जायचं नव्हतं. माघी गणपतींची कामं डोक्यावर, त्यात हे आसनबिसन! पण आपले हे म्हणाले, "जा तू. पोरीने आपणहून बोलावलंय."

एसटीने रोह्याला गेले. तिथून वैशालीने स्वतः गाडी चालवत नेलं. काय झोकात चालवते गो! तू कधी बसलीच नाहीस तिच्या शेजारी. चणेऱ्याच्या रस्त्याने समुद्राकडे निघालो. मी विचारलं, "जावई कसे हायत?" "धाटावला, कंपनीत. फर्स्ट शिफ्ट." संपलं बोलणं!

जागा मात्र तुला आवडली असती. सुरूच्या झाडांमागे समुद्र, मोठी उघडी गच्ची, त्यावर ओळीने चटया. शिकवणारी मुलगी वैशालीएवढीच, बोलायची अगदी हळू. "हठयोग म्हणजे शरीराशी भांडण नाही," म्हणाली. मी मनात म्हटलं, बाई, माझ्या शरीरात भांडायची ताकद तरी कुठे उरलीय? भुजंगासनात मान वर केली तर असा आवाज झाला की पुढच्या बाईने वळून बघितलं!

मग ती म्हणाली, "आता शवासन. मृत शरीरासारखं निश्चल पडायचं आहे." सगळे पडले. मीही पडले. आणि शेजारी चटई सरकल्याचा आवाज आला. वैशाली उठून पायऱ्या उतरत होती. तुला त्या दिवशी कारखान्यात चटईवरच ठेवलं होतं ना, माई. रोह्याहून धावत येऊन पोरीने आधी तेच बघितलं होतं.

मी गुडघे धरत तिच्या मागे गेले. ओल्या वाळूत उभी होती, पाठ करून.

"काकी, एक विचारू? आईच्या छातीत दुखायचं. डॉक्टर म्हणाले, बरेच महिने दुखत असणार. तुला खरंच ठाऊक नव्हतं?"

"नाय गो."

"खांद्याला खांदा लावून बसायच्या तुम्ही दोघी. दिवसभर! आणि तुला कळलं नाय?"

तू ओवा चघळायचीस, छाती चोळायचीस आणि "पित्त झालंय" म्हणायचीस. मी कोकमाचं सरबत करून द्यायचे. ते पिऊन तू म्हणायचीस, "आता बरं वाटलं." का खोटं बोललीस? बाकीच्यांचं सोड, माझ्याशी? माझं मूल पोटातच गेलं तेव्हा माझ्या उशाशी तूच बसून होतीस. तुझ्यापासून मी काही लपवलं नाही. मग तू का लपवलंस?

"मला पित्त सांगितलंन तिने," मी म्हटलं. "मी मानलं. रोज तेच डोक्यात फिरतं, वैशू. आणि खरं सांगू? मला तिचा राग येतो. लय राग येतो."

वैशालीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "मला पण येतो," ती म्हणाली. "फोन केला की म्हणायची, मी ठणठणीत हाय, तू तुझा संसार बघ."

मग आम्ही दोघी रडलो, माई. वरच्या गच्चीतून माणसं बघत होती. बघू देत! डोळे पुसता पुसता ती म्हणाली, "काकी, मी आता घरी यायचं ते कोणाकडे? भाऊ नाय मला. बाबा कोणाशी बोलत नायत. आईच नाय तर माहेर कसलं?"

तेवढ्यात माझा फोन वाजला. भावजी! "निर्मला, पार्टी मूर्ती न्यायला उद्याच येतेय. डोळे राहिलेत. संध्याकाळची गाडी मिळंल काय?"

"बघते," म्हणाले आणि खोलीवर जाऊन कपडे पिशवीत कोंबायला लागले. तुला सांगते, मी विचारच केला नाही. हात आपोआप चालायला लागले. दारात वैशाली उभी होती.

"जा काकी," ती म्हणाली. "आई पण कामाचा फोन आला की अशीच जायची."

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. मी पलंगावर बसले आणि भावजींना परत फोन लावला.

"भावजी, मी नाय येत. सोमवारी येईन."

मग म्हणाले, "आणि डोळे?"

"तुम्ही आखा. माईला आखणी तुम्हीच शिकवलीत ना?"

"हात थरथरतो गो माझा."

"थरथरू दे."

भावजींशी मी अशी कधी बोलले होते काय? घरात आल्यापासून त्यांच्यासमोर पदर नीट करत आले. पण ते चिडले नाहीत. उलट विचारलं, "पोर कशी हाय?"

"तिलाच विचारा," मी म्हटलं, फोन वैशालीच्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिले. बापलेकीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण खूप वेळ झालं. मधेच ती हसल्यासारखी वाटली.

रविवारी पुन्हा शवासन आलं. शिकवणारी मुलगी वैशालीला म्हणाली, नको असेल तर नुसती बसून राहा. वैशाली माझ्याकडे तोंड करून कुशीवर झोपली आणि हात माझ्या दंडावर ठेवला. पुढचं मला काही आठवत नाही. घोरले म्हणे मी! सगळे नाश्त्याला गेले तरी मी तिथेच. जाग आली तेव्हा ऊन गच्चीभर पसरलं होतं आणि पोर शेजारी बसून माझ्या तोंडावरच्या माश्या हाकत होती. तू गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती.

घरी येऊन बघते तर मूर्ती गेलेल्या. भावजींनी सगळे डोळे आखले होते. हे म्हणाले, जरा मोठे झाले, जुन्या वळणाचे, पण पार्टीने काही कुरकुर न करता मूर्ती नेल्या. आज सकाळी मी न सांगता भावजींनी आपणहून माझ्याशेजारी पाट ओढला. तुझ्या जागेवर नाही, पलीकडे. तुझी जागा अजून कोणाच्याने घेववत नाही.

दोन दिवस समुद्रावर जाऊन थकवा पळाला, असं नको समजूस. आज अंग असं मोडून आलंय की हे लिहिताना दोनदा भिंतीला टेकले. भुजंगासन तर या जन्मी पुन्हा करणार नाही!

पण पुढच्या रविवारी वैशाली आणि जावई येणार आहेत. वालाच्या शेंगा भरल्यात, शेतावर मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावायची. भावजी आत्तापासून मडकं शोधतायत. निघताना तिला पिशवी भरून द्यायची ती मी देईन. तुझ्याइतकं मला सुचणार नाही, काहीतरी विसरेनच, तेवढं मनावर घेऊ नकोस.

तिने विचारलं होतं ना, घरी यायचं ते कोणाकडे? वाळूवर उभं राहून मला उत्तर देता आलं नाही. तुला देते. माझ्याकडे, माई. मी आहे तोवर पेणला आल्यावर घरी जाऊ की नको, असा विचार तुझ्या लेकीला करावा लागणार नाही. हा माझा शब्द.

तुझी धाकटी जाऊ,
निर्मला