खिडकीतला ग्लास

प्रिय चिमणे,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या नवऱ्याच्या हाती देते आहे. फाडायचंच असेल तर आधी एवढं वाच: त्या ग्लासात काय होतं हे मला खरंच माहीत नव्हतं. खिडकीत ग्लासभर पाणी दिसलं, शेजारी सुकलेली कुंडी दिसली, ओतलं. पोटातली बुरशी तपासायला तू सकाळी उठल्याउठल्या त्यात थुंकली होतीस आणि थुंकीचे धागे खाली लोंबतात का ते बघणार होतीस, हे कुठल्या आईच्या डोक्यात येईल? पण मी हसायला नको होतं. तू दार लावून घेतलंस आणि आतून रडणं ऐकू आलं, तेव्हा माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

तुझ्या त्या आहारवाल्या बाईंवर मात्र मी अजून तापलेलीच आहे. पाव बंद, फळं बंद, दही बंद. म्हणे पावातलं यीस्ट पोटात जाऊन वाढतं! जन्मभर बेकरी चालवलेल्या बाईला हे ऐकवतेस? भट्टीतून निघालेलं यीस्ट मेलेलं असतं गं. ते तिसऱ्या दिवशी उठून बसत नाही. तो मान आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी क्रुसावरच्या एकालाच दिला होता. बरं, इतकं सोडूनही तुझी खाज जात नाही, जिभेवरचा पांढरा थर जात नाही, तर बाई म्हणतात, बुरशी मरताना विष सोडते, आणखी कडक पाळा. म्हणजे बरं वाटलं तर बाईंची कमाल, नाही वाटलं तर तुझी चूक. मला असा धंदा जमला असता तर करपलेले पावही मी गिऱ्हाइकाच्याच माथी मारले असते.

पण भांडता भांडता मी दुसरंच बघत होते. तुझी मनगटं. बोटातून निसटू नये म्हणून दोरा गुंडाळलेली तुझी अंगठी. जेवताना बाटली संपवलीस, लगेच पुन्हा भरलीस, आणि ताट अर्धं टाकून बाथरूमला पळालीस. विचारलं तर म्हणालीस, “घाण बाहेर पडतेय, मम्मी, चांगलंच आहे.” तुझ्या नवऱ्याने मला जिन्यात गाठलं. “तुम्हीच सांगा, माझं ऐकत नाही ती.” जशी काही माझं ऐकतेस!

आता लिहिते ते मला तोंडाने सांगता आलं नसतं. आमच्या शाळेत शरीर मानेच्या वर होतं आणि गुडघ्यांच्या खाली. मधलं कुणी बनवलं, यावर सिस्टर कधी बोलल्या नाहीत. तुला जिथे खाज येते तिथेच मलाही हिवाळ्यापासून येते आहे. कुणाला बोलले नाही, पावडर लावत राहिले. तुझ्याकडून परतल्यावर लाज गिळून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तपासलं, बुरशीवर गोळी आणि मलम दिलं, आणि म्हणाल्या, “पुन्हा पुन्हा होतंय ना? मग रक्तातली साखर बघायलाच हवी.” मला मधुमेह निघाला. मग मी तुझं सगळं सांगितलं, वजन, तहान, सगळं. त्या लिहिता लिहिता थांबल्या. “मुलीला घेऊन या. सवडीने नाही, लगेच.”

तू हे वाचत असशील तेव्हा मी खाली टॅक्सीत बसलेली असेन. वर येणार नाही, भांडणार नाही, तुझ्या बाईंबद्दल एक अक्षर काढणार नाही. मला आज पुन्हा रक्त द्यायला बोलावलंय आणि मला भीती वाटते. हे मी तुझ्या पप्पांनाही कधी कळू दिलं नव्हतं. तेव्हा मी तुला नेत नाहीये, तू मला ने. आधी माझं बोट टोचू दे. मी ओरडले तर खुशाल हस, तेवढी फिट्टंफाट. आणि मग तुझं बोट पुढे कर. चप्पल घाल आणि खाली ये, चिमणे.

तुझीच, खाली थांबलेली,
मम्मी