मुंगीचं फूल

ता. ७ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

पेपरात तुझा फोटो पाहिला. खाली छापलंय, ‘नदीच्या चिखलातलं इवलं फूल हुडकणाऱ्या बाई.’ हुडकणाऱ्या! तुला बोटाला धरून, फळ्या टाकून त्या चिखलात मी नेलं, मुंगीचं फूल मी दाखवलं, आणि नाव झालं तुझं. मी आपली इथे मशीनवर कपडे शिवतेय नि बाबांना औषध पाजतेय. जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू?

नमुने न्यायला येणार आहेस ना? रविवारी दुपारी तीनला ओहोटी आहे. पाणी उतरलं की तासभर चिखल उघडा मिळेल. माझे गुडघे दुखतात, मी यायची नाही.

राग असला तरी माया आहे.
ताई

ता. १४ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तीनला पोचले तर काठोकाठ भरती! नावाडीकाका म्हणाले, ओहोटी सकाळी नऊलाच होऊन गेली, आणि ताईला हे ठाऊक नसणं शक्यच नाही. तू मला पाण्यात पाहतेस हे ठाऊक होतं, पण इतकं? घरी न येता परत फिरले, ते त्याच रागाने.

फिरण्याआधी हट्टाने मांडीभर पाण्यात शिरून चाचपत चार रोपं उपटली. कळ्या घट्ट मिटलेल्या. सुईने एक उकलली, तर आत बी धरलेलं! भरतीत फूल उमलतही नाही, तरी बी धरतं. आपण दोघींनी ते कायम ओहोटीतच पाहिलं होतं.

रोपं टीपकागदात दाबलीत. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर ‘गोळा करणारी’ असा रकाना असतो. आजवर तिथे माझंच नाव घातलं, या वेळी तुझं घातलंय. पेपरवाल्यांना तुझं नाव सांगायला मी विसरले नव्हते, सांगावंसं वाटलं नाही. मलाही तुझा हेवा वाटतो गं. बाबा उठताबसता तुलाच हाक मारतात.

रागव, पण तोडू नकोस.
धाकटी

ता. १६ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

वेळ मुद्दाम चुकीची कळवली. चुकले. रकान्यातलं नाव वाचून सुखावले, मग तेही तूच दिलंस म्हणून पुन्हा जळले. माझा स्वभाव तुला नवा नाही.

बाबा मला हाक मारतात, खरंय. दिवसातून वीसदा. पण ‘धाकटे’ म्हणून मारतात. दोन महिने झाले, मी त्यांना तूच वाटते. मी ओ देते. तुला कळवायचा धीर झाला नाही.

येत्या रविवारी ओहोटी खरोखर तीनला आहे. हवं तर नावाडीकाकांना विचार. आधी घरी ये.

वाट पाहणारी,
ताई