वारा कधी येईल

३ मार्च, सोम.
आठवी ब. खारे वारे, मतलई वारे. बारा वर्षं तोच फळा, तेच बाण.
डोंगरीला घरी पोचले तर आय बोंबील बांबूच्या वलांडीवर सुकत टांगून आलेली. सोबतच्या बायांना सांगत होती, "माजी पोरगी वाऱ्याची टीचर हाय." लाज वाटली, बरंही वाटलं.

९ मार्च, रवि.
सकाळी आयने विचारलं, "वारा कदी येल?" तिची जुनी सवय: बोंबलांना समुद्राचा वारा लागला की मगच घरी यायचं. मी चहा पिता पिता सांगितलं, साडेअकरापर्यंत येईल. फोनवर उष्णतेचा इशारा होता. नुसता वाचला.
दीड वाजला तरी वारा जमिनीकडूनच, भट्टीसारखा. शोधत गेले, तर आय वाळूत बसलेली सापडली. घाम नाही, बोलणं तुटक. रिक्षात सारखं म्हणत होती, "तू बोलली ना येल..."
सलाईन. डॉ. म्हणाले, अजून अर्धा तास गेला असता तर

१० मार्च, सोम.
रजा. आय झोपलीय. हवामानाचं वाचत बसले. गुजरातकडे हवेचा जास्त दाब ठाण मांडून आहे. वरची हवा खाली दाबली जाते, तापते. इकडे पूर्वेचा कोरडा वारा जोर धरतो, समुद्राचा वारा अडतो, उशिरा येतो. असं आधीही व्हायचं. पण आता मुळातच सगळं तापलेलं, त्यावर हे चढतं.
मला हे ठाऊक होतं. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तरी आयला आठवीचा धडा सांगितला. स्वतःचा भयंकर राग आलाय.

१२ मार्च, बुध.
शाळा. फळ्यावर बाण काढले. एकीने विचारलं, "टीचर, संडेला वारा का नाही आला?" दाबाचं सांगितलं. तास संपला, पुस्तकातलं राहिलं.

१५ मार्च, शनि.
आय हिंडतेफिरते. मला दोष देत नाही, त्याचाच जास्त त्रास होतो.
"मावरं आलंय, ताजं बोंबील. उद्या सुकवाला जाव?"
"मला नाय सांगता येत, आय."
 ती म्हणाली, "तुला नाय तं कोनाला?"
फोनवर उष्णतेचा इशारा अजून आहेच. टोपल्या तिने दाराशी काढून ठेवल्यात. थांब म्हटलं तर थांबेल, माझं ऐकते. पण कधीपर्यंत थांब म्हणू?