ताट पुढे सरकवताना

पप्पा, चर्चमध्ये बायकांच्या बाजूचा तुमचा पंखा अजून कुरकुरतो. परवा कुणीतरी नवा घेऊ म्हणालं, तर निम्मी मंडळी हो म्हणाली आणि निम्मी गप्प बसली, म्हणजे नाहीच म्हणाली. बडोद्यातल्या आपल्या मराठी मंडळीत आता मोजकीच घरं उरलीत. मुलं मराठी बोलतात, पण गीताचं पुस्तक हातात दिलं की अडखळतात. म्हणून वाडीतल्या शिंपीकाकांच्या मुलीनं सभेत सांगितलं, निम्मी गीतं गुजरातीत घेऊ. पेटी मी वाजवते, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी उठून म्हटलं, "मग पेटीवालीही दुसरी बघा." ती म्हणाली, "बघू की. तुझी पेटी ऐकायला नुसते बाक येणार का?" तेव्हापासून आम्ही दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसतो. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीचं ताट आलं की मी न घेता पुढे सरकवते. ती घेते की नाही हे बघायला मान वळवत नाही.

अबोला असताना भाकर घ्यायची नाही, ही खोड तुमचीच. तुम्ही रेल्वेच्या कारखान्यातले वायरमन. पंखा हौसेनं व्यासपीठावर बसवलात, आणि शिंपीकाकांनी न विचारता तो बायकांच्या बाजूला हलवला. तुमचा एकमेकांना सलाम बंद. मग प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी तुम्ही मला सायकलवर बसवून तरसालीहून वाडीत निघालात. काका मशीनवर बसलेत, मान वर करत नाहीत. नुसतं गुजराती वळणानं म्हणतात, "या, बेसा." तुम्ही उभ्या उभ्याच म्हणता, "पंखा आहे तिथंच बरा आहे." काका म्हणतात, "छे छे, पाळकसाहेबांना घाम सुटतो. तुझंच बरोबर होतं." आणि तुम्ही दोघं पुन्हा तावातावानं भांडायला लागता, या वेळी एकमेकांची बाजू घेऊन! काकूंनी चहा आणला तेव्हा कुठे आवाज खाली आले. परतताना मी विचारलं, "देवाशी तुमचं चांगलं आहे ना, मग काकांकडे कशाला जायचं?" तुम्ही म्हणालात, "देवाशी एकट्यानं बोलता येतं गं. त्याच्या मेजावर एकट्यानं बसता येत नाही." मला त्यातलं काही कळलं नाही. पाळकसाहेब 'सहभागिता' म्हणायचे, तेव्हा मला वाटायचं, ती उपासनेनंतरची चहा-बिस्किटं. पंखा मात्र होता तिथंच राहिला.

आता कळतंय, तेही जरा उशिराच. ताट पुढे सरकवलं की मी घरी येऊन वेगळी प्रार्थना करायची, पण ती जमेना. फार एकटं वाटायचं, पप्पा. माणसाशी अबोला धरला की देवाशीही बोलणं तुटक होतं.

आज दुपारी ती समा भागातल्या माझ्या घरी आली. हातात बडोद्याच्या ओलसर लिल्या चिवड्याचं पाकीट, चेहरा घुश्श्यातलाच.

"भांडायला आलीस?"

"हो. पण बेसू तर दे."

पाणी पिऊन ती म्हणाली, "मी त्या दिवसापासून भाकर घेतली नाहीये. बाबा असते तर मला हाकलून इकडे पाठवलं असतं." मला रडू आलं, तिलाही आलं. मग आम्ही पुन्हा गीतांवर आलो. तिला निम्मी गुजराती हवीत, मी एकावर अडून आहे. दोनदा चहा झाला, चिवडा संपला, निकाल लागला नाही.

उद्या प्रभुभोजन आहे. आम्ही शेजारी बसणार आहोत, तेव्हा ताट माझ्या हातून तिच्याकडे जाईल. हे पत्र पेटीच्या खोक्यात राहील, दुसरीकडे कुठे टाकणार? खरं सांगू का, राग अजून पुरता गेलेला नाही. तो घेऊनच तिच्या शेजारी बसणार आहे, आणि भाकर घेणार आहे.